फकिराच्या पोटातली सूज

मी एक जुनी चरबी आहे. फकिराच्या पोटात, आतड्यांवर पदरासारखी पसरलेली. बाहेरून दिसते ती ढेरी. मी तिच्याही आत. मला दुखत नाही, खुपत नाही. त्यामुळे मित्रांनो, मी सगळे कोरडेपणानेच सांगेन. राग मानू नका.

फकिरा रायपूरकडच्या जामुलच्या सिमेंट कारखान्यात पॅकिंगला आहे. पोती भरणाऱ्या मशीनजवळ दिवसभर धूळ उडते. गूळ खाल्ला की घशातली धूळ निघून जाते, असा तिथल्या जुन्या कामगारांचा ठाम विश्वास. फकिराने पंचवीस वर्षे रोज पाळी सुटल्यावर गुळाचा भलामोठा खडा खाल्ला. धुळीचे काय झाले ते मला ठाऊक नाही. गूळ माझ्या वाट्याला आला.

तरुणपणी मी गुणी होते. डबल ड्यूटीत जेवण चुकले, तर साठवलेले काढून देत असे. 'खात्यापित्या घरचा माणूस' म्हणून लोक फकिराचे कौतुक करायचे, ते माझेच होते. मग मी वाढतच गेले. माझ्या पेशी इतक्या फुगल्या की काहींना हवा पुरेना, त्या मेल्या. त्यांना साफ करायला रक्तातल्या पांढऱ्या पेशी आल्या आणि ठाण मांडून बसल्या. शरीराचे पहारेकरीच ते, पण त्यांच्यामुळे मी आतून सुजले. ही सूज हाताला लागत नाही. ती रक्तातून लिव्हरपर्यंत गेली, शिरांपर्यंत गेली. शुगर वाढली. फकिराच्या पायाची बोटे बधिर झाली. तेव्हाही मला काही वाटले नाही.

त्याचा थोरला भाऊ धोंडबा, असाच ढेरीवाला. पन्नासाव्या वर्षी जेवता जेवता हार्ट अटॅकने गेला. फकिरा तेव्हा अठ्ठेचाळीसचा, वजन एकशे एकतीस किलो. भावाच्या पुण्यानुमोदनाच्या विधीहून परतल्यावर त्याची बायको मथुरा एवढेच बोलली, "मले तुमाले असं नाही पाह्यचं. आपरेशन करून घ्या." ती रडली नाही. तिच्यातलेही काहीतरी बधिर झाले होते.

ऑपरेशन रायपूरला झाले. जठराची अंड्याएवढी पिशवी ठेवून तिला पुढचे आतडे जोडले. माझा एक छोटा तुकडाही तपासायला काढला. डॉक्टरांनी त्याचा फोटो मुलीला, साक्षीला दाखवला आणि बजावले, की शुगर लवकर उतरेल, पण चरबीतली ही सूज जायला महिने लागतील. चरबी भराभर वितळते तेव्हा सुरुवातीला पहारेकऱ्यांची गर्दी वाढूही शकते. तेव्हा औषध आणि पथ्य सोडू नका.

शुगर आठवड्यातच उतरली. गोळ्या कमी झाल्या. शेजारीपाजारी पाहायला येऊ लागले, वजन विचारू लागले. आजार गेला असे सगळ्यांनी धरले. मी वितळत होते, सुजलेलीही होते. ते कोणी विचारले नाही.

चौथ्या महिन्यात फकिरा कामावर गेला. मशीनवरचे जोडीदार म्हणाले, "खाय न बे, छातीत धूळ बसंल." शुगर तर ठीक आहे, म्हणून त्याने खडा तोंडात टाकला. थोड्या वेळात दरदरून घाम सुटला, छाती धडधडली, तो पोत्यांवर बसला. तासाभराने बरे वाटले. दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा खाल्ला, पुन्हा तेच. असे तीन आठवडे. घरी मात्र चकार शब्द नाही.

मग धुताना शर्टाचा खिसा मथुरेच्या बोटांना चिकटला.

"हे का होय जी?"

"गूळ. धुळीसाठी."

"आन् रोज तोंड उतरवून येता, ते कावून?"

"खाल्ल्यावर घाम येते, छाती धडधडते. मले वाटलं, दादासारखंच होऊन राहिलं. तुले सांगाची हिंमत नाही झाली."

मथुरा ओला शर्ट घेऊन मोठ्याने रडली. धोंडबा गेल्यापासूनचे सगळे रडली. साक्षीने लगेच डॉक्टरांना फोन लावला. उद्याच येऊन हृदय तपासून घ्या, ते म्हणाले; पण हा बहुधा गुळाचाच प्रताप. गोड आता थेट आतड्यात पडते, म्हणून घाम आणि धडधड. धुळीसाठी मास्क लावा.

"बाबा, अब एक दाना भी नहीं," साक्षी तिच्या नेहमीच्या हिंदीत म्हणाली.

दुसऱ्या दिवशी रायपूरला ईसीजीची पट्टी काढली, रक्तही तपासले. हृदय ठीक निघाले. रक्तातली सूजही निम्म्यावर आली होती. मथुरेने रिपोर्टचा कागद साक्षीकडून दोनदा वाचून घेतला. आता रोज सकाळी ती फकिराला हुडको वसाहतीच्या बागेत चालायला नेते. तो कुरकुर करतो. ती ऐकत नाही. माझ्यातले पहारेकरी एकेक करून उठून जात आहेत. अजून बरेच बसलेले आहेत.

मित्रांनो, जुनी छत्री किंवा जुनी सायकल आपली कहाणी संपवताना म्हणते, मला जपा. मी तसे म्हणणार नाही. मी आणखी वितळले तरी मला दुखणार नाही. तुम्ही फकिराला जपा. मथुरेला तो अजून पुष्कळ दिवस हवा आहे.