लोर्नाची जागा

लोर्नाने शिडीवर चढून कोयत्याने दोरी कापली, तसा फ्लेक्सचा उजवा कोपरा सुटला आणि तिचाच चेहरा दुमडून खाली लोंबू लागला. डावीकडच्या फोटोत मारिएल अजून हसत होती.

"अर्धाच काढतेस?" खाली शिडी धरून उभ्या असलेल्या रोदेलने विचारलं.

"माझा अर्धा काढते. लेकीचा राहू दे."

"मधोमध अभिनंदन लिहिलंय. अर्ध्यावर कापलंस तर 'अभि' तिच्याकडे राहील नि 'नंदन' तुझ्याकडे."

लोर्नाला हसू आलं, पण नवऱ्याला ते दिसू नये म्हणून तिने तोंड आंब्याच्या झाडाकडे वळवलं. या गावात कोणी परीक्षा पास झालं की घरावर फ्लेक्स लागायचाच. शिंप्याचा मुलगा अग्निशमन दलात लागला तेव्हा तर चौकात लागला होता. मारिएलला डॉक्टरकीला प्रवेश मिळाला, एक नव्हे, दोन कॉलेजांत मिळाला, तेव्हा फ्लेक्स येणार हे ठरलेलंच होतं. पण रोदेलने बायकोला न विचारता तिचाही फोटो छापून आणला. परिचारिकेच्या गणवेशातला, जुना, केस काळेभोर असतानाचा.

"गाव काय म्हणेल?" ती वरून म्हणाली.

"गाव सकाळीच बघून गेलं. तू उठायच्या आधी."

तेवढ्यात कुंपणाशी तिया बेबोत उभी राहिली. शेजारची ही म्हातारी तिया गावातल्या प्रत्येकाची मावशी होती, आणि प्रत्येकाला बोलायचा तिचा हक्क कोणी नाकारत नसे. हातात नारळाच्या पानांत बांधलेल्या चिकट भाताच्या इबोसांची जुडी होती.

"लोर्ना, मायलेकी एकाच वर्गात बसणार म्हणे. मग डबा एकच न्या. आणि मास्तरांनी पोरीला उभं केलं की तूही उभी राहशील बघ, सवयीने."

"अजून काही ठरलं नाही, तिया."

"तिचं ठरलं नाही हे ऐकलंय मी. मनिला की इलोइलो. तुझं काय ठरायचंय? तुला तर एकच मिळालंय."

लोर्ना शिडीवरून उतरली. तिने इबोस घेतले, तियाचा हात कपाळाला लावून नमस्कार केला आणि आत गेली.

खरंच, तिचं काय ठरायचं होतं हे घरात कोणी विचारलं नव्हतं, आणि त्याला कारण ती स्वतःच होती. गेल्या वर्षी प्रवेशपरीक्षेच्या तोंडावर मारिएलचा धीर सुटला होता. ती जेवेना, पुस्तक उघडलं की रडू लागे. एके दिवशी भाजी चिरता चिरता लोर्ना म्हणाली होती, "मी पण बसते तुझ्याबरोबर. माझी नर्सिंगची पदवी चालते असं ऐकलंय. नापास व्हायला कोणीतरी सोबत असलेलं बरं." मारिएल तेव्हा कित्येक दिवसांनी हसली होती. मग दोघी जेवणाच्या टेबलावर समोरासमोर बसून वाचू लागल्या. मारिएल कंटाळून उठायची, तरी लोर्ना बसलेलीच असायची. निकाल लागला तेव्हा दोघींचे गुण जवळजवळ सारखे होते. जवळजवळ म्हणजे आईचे थोडे जास्त. ते घरात कोणी मोठ्याने बोललं नाही.

मुलाखतीलाही ती लेकीची सोबत म्हणूनच गेली, निदान तसं सगळ्यांना सांगितलं. मंडळाने विचारलं, इतक्या उशिरा का? ती म्हणाली, "आमच्या बेटावरचा शेवटचा डॉक्टर कॅनडाला गेला. त्याच्या आधीचा दुबईला. मी कुठे जाणार नाही. मला बोट लागते." मंडळ हसलं. बोटवाल्याची बायको आहे हे तिने सांगितलं, तेव्हा जास्तच हसलं.

आणि तिला प्रवेश मिळाला. शिष्यवृत्तीसुद्धा सरकारी मिळाली. शिकायचं, आणि मग आपल्याच गावात डॉक्टर म्हणून काम करायचं.

आज इलोइलोच्या कॉलेजात जाऊन होकार किंवा नकार कळवायचा शेवटचा दिवस होता. मनिलाला संध्याकाळपर्यंत फोनवरूनच कळवता येणार होतं. मारिएल खोलीतून बाहेर आली. तिने केस धुतले होते.

"नानाय, निघूया?" तिने आईला विचारलं.

"ठरलं तुझं?"

"बोटीत सांगते."

रोदेलची बोट धक्क्याला लागलेलीच होती. इतर प्रवासी फार नव्हते, आंब्याच्या दोन पाट्या घेऊन एक बाई होती आणि एक शाळामास्तर. रोदेलने दोरी सोडली, इंजिन खोकलं, आणि दोन्ही अंगांना बांबूचे पंख पसरलेली ती अरुंद होडी सामुद्रधुनीत शिरली. लोर्नाने सवयीप्रमाणे आल्याचा तुकडा गालात धरला आणि समोरच्या किनाऱ्यावर नजर लावली. नजर हलली की पोट हलायचं.

मारिएल तिच्या शेजारी येऊन बसली. मग म्हणाली, "मनिला."

लोर्नाच्या छातीत आधी आनंदच उसळला. मनिलाचं ते कॉलेज! तिच्या स्वतःच्या काळात त्याचं नावसुद्धा कोणी आपल्यासाठी घेत नसे. मग मागोमाग काहीतरी ओढलं गेलं, जसा नांगर उचलताना तळाचा चिखल सुटतो तसं. तिने लेकीच्या ओल्या केसांवरून हात फिरवला.

"छान केलंस," ती म्हणाली. "फार छान केलंस. ताताला सांगितलंस?"

"इंजिनाच्या आवाजात त्यांना काय ऐकू जाणार? उतरल्यावर सांगते," मारिएल मागे सुकाणू धरून बसलेल्या बापाकडे बघत म्हणाली.

"मग माझंही आजच कळवून टाकू. नाही येत म्हणून. सोबत करायची होती, ती झाली."

मारिएलने मान वळवून आईकडे पाहिलं. या मुलीला लहानपणापासून रागावता येत नसे. राग आला की ती नखाने काहीतरी कोरू लागे. आता ती बाकाच्या फळीवरचा रंग कोरत होती.

"सोबत मी परीक्षेपुरती मागितली होती," ती म्हणाली. "परीक्षा झाल्यावर तू ती हृदयाची आकृती कोणासाठी काढत बसायचीस? मी तर तेव्हा मैत्रिणींबरोबर फिरत होते."

"हात मोकळे होते म्हणून."

"नानाय."

लोर्नाने गालातला तुकडा चावला. आलं जिभेला झोंबलं.

"मी इलोइलोला राहिले ना, तर तू माझा अभ्यास करशील," मारिएल म्हणाली. "माझं जेवण, माझे कपडे, माझी उजळणी. मला ताप आला तर तुझी परीक्षा बुडेल. आणि मी तुला तसं करू देईन, कारण मला सवय आहे. हे तुलाही माहीत आहे."

"म्हणजे माझ्यासाठी एवढ्या लांब चाललीस?"

"छे. तेवढी चांगली नाहीये मी." मारिएल हसली, आणि हसताना तिचे डोळे भरून आले. "मला पहिल्यापासून मनिलाच हवं होतं. तुला सोडून जाते असं म्हणायला जीभ वळत नव्हती, एवढंच. तू शिकायला लागलीस तर मला जाणं सोपं जाईल. बघ, शेवटी माझाच फायदा."

"मला सत्तेचाळिसावं लागेल गं या वर्षी."

पाठीमागून इंजिनाच्या वरताण आवाजात रोदेल ओरडला, "हे इंजिन तुझ्याहून म्हातारं आहे! रोज इलोइलो गाठतं!"

दोघींनी दचकून मागे पाहिलं. आंबेवाली बाई तोंडावर पदर धरावा तसा टॉवेल धरून हसत होती. मास्तरही.

"तुम्हाला ऐकू येतं?" मारिएलने विचारलं.

"बोटीवर सगळं ऐकू येतं," रोदेल म्हणाला. "उत्तरं द्यायची नसतात, म्हणून ऐकू येत नाही." मग त्याने टोपी काढून डोळे पुसले, जणू पाणी उडालं होतं, आणि होडीचं तोंड धक्क्याकडे वळवलं.

कॉलेजच्या फाटकाशी गर्दी होती. आतल्या बाजूला एका मोठ्या रेनट्रीखाली बाकं मांडलेली होती आणि पहारेकरी येणाऱ्यांची वाटणी करत होता. तरुण पोरं डावीकडे काचेच्या दाराशी, आईबाप उजवीकडे झाडाखाली. मारिएलला त्याने डावीकडे पाठवलं. लोर्नाकडे बघून अदबीने हात उजवीकडे केला. "पालकांनी सावलीत बसायचं, मॅडम."

लोर्ना जाऊन बसली. तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. बाकावर पंख्याने वारा घेत असलेला एक गृहस्थ होता, त्याने सरकून जागा दिली.

"मुलगी?" त्याने विचारलं.

"हो. मनिलाला चाललीय. इथली जागा सोडायला आलोय."

"वा. म्हणजे कोणाचं तरी भाग्य उजळलं. माझा मुलगा अजून यादीच्या शेपटाला लटकलाय." तो मनापासून हसला. "त्याला सांगितलंय, कोणी सोडलं की तू चढ. तुमच्या मुलीला माझ्याकडून एक बाचॉय. मोठा वाडगाभर शेवया नि सूप."

लोर्नाही हसली. सावली छान होती. आजूबाजूला आया डबे उघडत होत्या, बाप घड्याळं बघत होते. इतकी वर्षं ती अशाच बाकांवर बसत आली होती. शाळेच्या, दवाखान्याच्या, नाचाच्या स्पर्धेच्या. बाकावर बसायला कधी भीती वाटत नाही, हे तिच्या आजच लक्षात आलं.

मारिएल बाहेर आली. रिकामे हात हलवत, हलकी होऊन. ती आईसमोर उभी राहिली, पण "चल" म्हणाली नाही. तिने आईच्या मांडीवरची पिशवी उचलली, खांद्याला लावली, आणि वाट बघत राहिली.

"काय?" लोर्नाने विचारलं.

"ऊठ ना. मला बसायचंय."

लोर्ना उठली. मारिएल तिच्या जागेवर बसली, पिशवी मांडीवर घेतली आणि आतून एक इबोस काढून सोलू लागली. पंखेवाला गृहस्थ एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिला.

"खातेस?" मारिएलने इबोसचा तुकडा आईपुढे धरला. "आत वेळ लागतो."

लोर्नाने तुकडा तोंडात टाकला. भात गोडसर होता. तिने ब्लाउजच्या कडा सरळ केल्या आणि काचेच्या दाराकडे चालू लागली. पहारेकऱ्याने काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, पण तोवर ती आत गेली होती.

रांगेत तिच्या पुढे एक मुलगा होता, कानामागे पेन खोचलेला. मागे दोन मुली कुठल्याशा गाण्यावरून भांडत होत्या. त्यातल्या एकीचा धक्का लागला तेव्हा ती म्हणाली, "सॉरी हं, तिता." मावशी म्हणाली खरी, पण जागा सोडायला सांगितलं नाही, रांगेतल्या कोणालाही म्हणावं तसंच म्हणाली. लोर्नाने पाय घट्ट रोवले. आज बोटीत आपल्याला मळमळलं नाही, हे तिला आता आठवलं, आणि तेही ती लगेच विसरली, कारण पुढचा मुलगा बाजूला झाला होता.

खिडकीतला कारकून मान खाली घालून शिक्का पुसत होता. त्याने नजर न उचलता विचारलं, "तुम्ही कोणाबरोबर आलात, मॅडम?"

लोर्नाने काचेतून बाहेर पाहिलं. झाडाखाली मारिएल त्या गृहस्थाला काहीतरी सांगत होती आणि त्याचा पंखा हवेतच थांबला होता.

"माझी मुलगी माझ्याबरोबर आलीय," ती म्हणाली. "बाहेर बसलीय."

कारकुनाने मान वर केली. त्याने नाव विचारायच्या आत तिने ते सांगून टाकलं, सावकाश, आडनावासकट.