मागे पडणारं मीटर

"डिझेल कुठे विकतोस, चिंधा?"

मगनशेठने हे विचारलं ते भर लूमच्या खात्यात, चहाच्या वेळेला. लूम बंद. सगळे कारागीर ओट्यावर बशा तोंडाला लावून बसलेले. चिंधाचा हात ग्लासाकडे निघाला होता, तो मधेच थांबला.

"मी? मी कशाला विकू, शेठ?"

"तो पछी डिझेल जाय छे क्यां?" शेठ तापला की मराठी सोडून गुजरातीवर यायचा. "ओव्हरड्राइव्ह बसवताना तूच बोललेला ना, डिझेल वाचेल? उलट जास्त पिते गाडी! डिझेल तेवढंच घालतो आणि मीटर आधीपेक्षा कमी फिरतं. मग बाकीचं कोण पितो? तू?"

ओट्यावर कोणीतरी हसलं. चिंधाने हात मागे घेतला. आणि भेस्तानच्या लूमवस्तीत ज्याला पटकन बोलता येत नाही, तो चोरच ठरतो.

ओव्हरड्राइव्हचं खूळ मात्र खरंच चिंधाचं. शेठची पिकअप जुनी, डिझेलवरची, चार गिअरची. कापडाचे ताके भरून वापीकडे निघाली की हायवेला चौथ्या गिअरमध्ये इंजिन नुसतं बोंबलायचं. ते ऐकून ऐकून चिंधाचे कान गेले होते. घरी बायको अनुसया काही बोलली की याचं आपलं "आं?" मग कामरेजच्या भूपेंद्र मिस्त्रीने सांगितलं, गिअरबॉक्सच्या मागे अजून एक छोटा डबा बसतो, भंगारात मिळतो. त्याचा दांडा ओढला की चाकं तेवढीच पळतात आणि इंजिन निवांत चालतं. चिंधा शेठच्या मागेच लागला. डिझेल वाचेल, हे शेठसाठी. कानाचं कोणाला सांगणार?

डबा बसला. दांड्याला मूठ नव्हती, म्हणून चिंधाने खात्यातली एक फुटकी लाकडी बॉबीन तासून त्यावर ठोकली. पहिल्या दिवशी पलसाणा गेल्यावर दांडा ओढला, आणि रडून रडून पोर झोपावं तसा इंजिनचा आवाज खाली बसला. गाडीत कोणीतरी शीळ घालत होतं. चिंधाने वळून बघितलं. कोणी नव्हतं. तोच घालत होता.

आणि आता हे.

खात्याबाहेर दुसरा ड्रायव्हर आनंदा उभा होता, परभणीकडचा. त्याने चिंधाच्या पाठीवर थाप मारली. "आलास का लायनीवर! इतकी वर्षं काय उपास धरला होतास? फक्त थोडं थोडं काढत जाय बाबा. एकदम तोंड नाही मारायचं."

"मी थेंबभर विकलं नाही."

"नको सांगू. मी कुठं शेठला सांगायलोय?"

घरी पोचायच्या आधीच नळावर बातमी पोचली होती. अनुसयाने भाकरी थापता थापता विचारलं, "खरं सांगा, डिझेल इकं नही ना?"

"तुले बी तसंच वाटस का?"

तिने नुसती तव्यावरची भाकरी उलटली. तिचं बोलणं त्याला ऐकू यायचं नाही, हे गप्प बसणं मात्र नीट ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी वापीहून येताना त्याने रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडांवर नजर ठेवली. दगड भराभर जात होते, मीटर रेंगाळत होतं. त्याने ओव्हरड्राइव्ह काढला. मीटर आणि दगड बरोबरीने चालायला लागले. परत दांडा ओढला, मीटर परत मागे पडलं. म्हणजे गाडी धावत होती बरोबर, मोजली जात होती कमी!

तसाच तो कामरेजला भूपेंद्रकडे गेला.

"पडणारच ना मागे," भूपेंद्र पान्हा पुसत म्हणाला. "मीटरची वायर पुढच्या जुन्या गिअरबॉक्सवर आहे. मागे चाकं किती जास्त फिरली, त्याला काय कळतंय? मी शेठला बोललो होतो, वायर मागे घेऊ. शेठ बोलला, खर्च नको."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तू काय मालक आहेस?"

चिंधाने शेठला हातापाया पडून गाडीत बसवलं आणि चलथाणपर्यंत नेलं. शेठ हुशार माणूस. थोडे दगड बघितले आणि मिस्त्री वायरीचं काय म्हणत होता, त्याचा त्याच्या डोक्यात आत्ता उजेड पडला. तो चक्क हसला.

"एटले गाडी कमी चाललेली दिसते! आ तो सारुं. दिवाळीनंतर विकायचीच आहे. भाव चांगला येईल."

"ते तुमचं तुम्ही बघा, शेठ. मला फक्त एवढं पाहिजे, जसं सगळ्यांसमोर विचारलं, तसं सगळ्यांसमोर सांगा. चिंधाने चोरी केली नाही."

"गांडो थयो छे? वेडा झालास? ते सांगितलं की कारण पण सांगावं लागेल. मीटर खोटं चालतं हे कळलं तर गाडी कोण घेईल?" शेठने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मला माहीत आहे ना तू चोर नाहीस. तेवढं बस ने."

चिंधाचा हात बॉबीनवर होता. त्याने ओढलेला दांडा पुढे ढकलला. इंजिन किंचाळलं. शेठ अजून काहीतरी बोलत होता. काय, ते चिंधाला ऐकू आलं नाही.

त्यानंतर त्याने तो दांडा कधी ओढला नाही. रिकामी असो की भरलेली, गाडी चौथ्यात बोंबलत जायची आणि बोंबलत यायची. बॉबीनवर ताक्यांचा कापूस बसायला लागला. मीटर दगडांच्या बरोबरीने चाललं आणि डिझेलचा मेळ पहिल्यासारखा लागला.

मग एक दिवस चहाच्या वेळेला शेठ खात्यात आला. "जोयुं? चिंधा सुधरी गयो. माणूस आहे, चूक होते. मी माफ केलं." हे तो सगळ्यांकडे बघून बोलला, चिंधाकडे तेवढं बघितलं नाही. ओट्यावरच्यांनी माना डोलावल्या. आनंदा कानाशी येऊन पुटपुटला, "घाबरलास ना लेका?"

चिंधाने ग्लास भरलेलाच खाली ठेवला.

संध्याकाळी तो जेवायला बसला तेव्हा अनुसया स्टोव्हपाशी काहीतरी बोलली.

"आं?"

ती परत बोलली. त्याला नुसते ओठ हललेले दिसले. शेवटी ती त्याच्या कानाशी येऊन ओरडली, आख्ख्या चाळीला ऐकू जाईल अशी, "म्हनलं, बरं झायं! तुम्ही डिझेल इकनं बंद करं ते!"

या खेपेला त्याला शब्द न् शब्द ऐकू आला होता. त्याने भाकरीचा तुकडा मोडला आणि ताटाकडेच बघत म्हणाला,

"आं?"