कोब्याखालच्या तारा

अरे थांबा, चहा नंतर, आधी ऐका. रविवारी आमच्या अंगणात काय झालं ते दिनेशला अर्धंच माहितीये, कारण तो अंजनेरीच्या डोंगरावर होता. आणि मयूरला तर त्याहून कमी माहितीये, आणि तो अंगणातच होता!

तर आमचं सातपूरचं घर तुम्ही बघितलंय. बैठं, वर पत्रे. दिनेशच्या मावसभावानं त्याला सीबी रेडिओचा, म्हणजे वॉकीटॉकीसारख्या बिनतारी रेडिओचा, एक मोठा सेट आणि एक हातातला सेट दिला. आता त्याला लायसनही लागत नाही. दिनेश, मयूर आणि मी, आम्हा तिघा दोस्तांचं ठरलं, मोठा आमच्या घरी ठेवायचा, हातातला घेऊन दिनेश डोंगरावर, आणि मग गप्पा! पण अँटेना पत्र्यावर लावायचं नाव काढलं तर पप्पा म्हणाले, "भोक पाडलंस तर पावसाळ्यात तुझी गादी बरोबर त्याखाली टाकीन." म्हणून मयूर म्हणाला, जमिनीवरच उभी करू. अंगणाच्या कोपऱ्यात, कंपाउंडपाशी.

आता जमिनीवरच्या अँटेनाला नुसती दांडी चालत नाही हां. तिच्या पायाशी तारा पसरायच्या, सायकलच्या आऱ्यांसारख्या, सगळीकडे, आणि सगळ्या मधे एका बोल्टला जोडायच्या. पप्पा जळालेल्या विजेच्या मोटारी रिवाइंड करतात ना, आत नवी तार भरून देतात, त्यांनी तांब्याच्या तारेचं एक रीळ दिलं. दिलं म्हणजे काय, "नसते उद्योग" म्हणत दिलं. "लोक मोबाइल घेतायत आणि तुम्ही अंगणात पाइप लावा!" मयूरनं पडद्याचे अॅल्युमिनियमचे पाइप एकात एक घालून दांडी केली, खाली प्लॅस्टिकचा तुकडा, तारा पसरल्या. आई दोनदा अडखळली आणि दोन्ही वेळा मयूरच्या नावानं शंख केला.

आणि आता खरी गोष्ट. त्याच रविवारी अंगणात सिमेंटचा कोबा करायचा होता! पप्पा म्हणाले, "अँटेना चालली तर तारा कोब्याखाली राहू देत. नाही चालली तर दांडी तुझ्या आईला कपडे वाळत घालायला. एकदा कोबा झाला की मी तो कोणाच्या बापासाठी फोडणार नाही."

मी म्हटलं, "पप्पा, माझा बाप तुम्हीच."

"म्हणूनच सांगतोय."

म्हणजे रविवारी नाही चालली तर संपलंच. सगळंच संपलं!

दिनेश सकाळीच अंजनेरीला गेला. वर पोचून दुपारपर्यंत हाका मारत राहायचं ठरलेलं. इकडे गेणू गवंडी त्याची माणसं घेऊन आला, वाळू-सिमेंट कालवायला लागला. मी आत सेटपाशी, मयूर बाहेर दांडीपाशी मीटर घेऊन. मी बटन दाबायचे, तो ओरडायचा, "लाल! अजून लाल!" काटा लाल पट्टीत म्हणजे आपण जे पाठवतोय ते बाहेर न जाता उलटं सेटमध्येच येतंय. आणि ऐकू काय येतंय? खर्रर्रर्र. नुसती खरखर. मी चॅनल बदलतेय, बॅटरी बघतेय, दिन्या दिन्या करून घसा बसला.

आई स्वयंपाकघरातून म्हणते, "एवढ्या वेळात चालत जाऊन त्याच्याशी बोलून आली असतीस."

तेवढ्यात गेणू दारात. "ताई, माल झालाय. लय ऊन हाय, सिमेंट काय थांबत नाय कोणासाठी."

पप्पा रागावले असते तर परवडलं असतं. ते एकदम मऊ आवाजात म्हणाले, "काढा आता, बेटा." मयूरचं तोंड बघवत नव्हतं. पाइप घासण्यापासून बोल्ट कसण्यापर्यंत सगळं त्याच्या हातचं. मी बाहेर येऊन खाली बसले आणि पहिली तार गुंडाळायला घेतली.

तर पप्पा म्हणतात, "नीट गुंडाळ गं. दगडावर घासू नकोस. वार्निश गेलं तर मला ती वापरता नाही येणार."

मी म्हटलं, "कसलं वार्निश?"

"तारेवरचं. मोटरची तार आहे ना. वार्निश नसलं तर आत सगळं शॉर्ट नाही का होणार?"

मी मयूरकडे बघितलं. मयूरनं माझ्याकडे बघितलं. अरे, दिसायला ती उघडी तांब्याची तार! आम्ही टोकं पिळली, बोल्टखाली दाबली, खूश! वार्निशमुळे एकही तार आतून कशालाच लागलेली नव्हती!

"पप्पा! सांगायचं ना!"

"तू विचारलंस?"

मग काय विचारता! "गेणूभाऊ, पाच मिनिटं!" मी ब्लेड आणलं, मयूरनं पॉलिश पेपर, आई तिची भाजीची सुरी घेऊन आली आणि पप्पा, नसते उद्योगवाले पप्पा, मांडी घालून मातीत बसले आणि टोकं खरवडायला लागले. गेणू डोक्याला हात लावून उभा. "मालाचा दगड होईल हो!" शेवटचं टोक दाबलं, मयूरनं बोल्ट कसला, मी आत पळाले, बटन दाबलं.

बाहेरून मयूर किंचाळला, "पडला! काटा पडला!"

मी बटन सोडलं. खर्रर्र, आणि मग त्या खरखरीतून, "...आहे का रे कोणी? माझे पोहे पण संपले. ओव्हर."

मी अशी ओरडले की आईची सुरी पडली. "दिन्या! मी स्नेहल!"

"आत्ता उठलीस होय? ओव्हर."

पप्पांनी माझ्या हातातून माइकच घेतला. "दिनेश, वर वारा आहे का? टोपी घातलीस का? पाणी आहे का?" आणि बटन सोडतच नाहीत! तो बिचारा उत्तर कसा देणार? मी म्हणतेय, "बटन, पप्पा, बटन!" तर ते खिडकीतून वाकून गेणूला सांगतायत, "ओत रे, ओत! तारा राहू देत!"

आणि गेणूनं घराच्या बाजूनंच ओतायला सुरुवात केली. मयूर तिकडे कोपऱ्यात! गेणू त्याला म्हणाला, "दादा, पाइप धरून ऱ्हावा. हलला तर वाकडा बसल." त्यामुळे तो हलूही शकेना. आमच्यात आणि त्याच्यात सगळं ओलं सिमेंट.

"काय म्हणाला तो?" मयूर ओरडतोय. "मला कोणी सांगेल का? अरे, मी बनवलीये ती!"

मी पप्पांकडून माइक ओढून घेतला, सेट उचलून खिडकीत ठेवला, आवाज फुल. दिनेश म्हणाला, "मयूर आहे का तिकडे? त्याला दे ना. ओव्हर."

मी गजातून हात बाहेर काढून माइक जाईल तेवढा लांब धरला. मयूर पाइपला मिठी मारून, असेल नसेल तेवढा दम लावून ओरडला, "आहे रे! मी आहे! ओव्हर!" शेजारच्या सुधाकाकू बाहेर आल्या.

थोडी खरखर झाली. मग दिनेश म्हणाला, "इतका लांबून का बोलतोयस? ओव्हर."

मयूर हसत सुटला, आणि गेणू त्याच्या पायाशी थापी फिरवत म्हणाला, "दादा, पाय उचला."