बाबूजींचा जबाब

शनिवारी सकाळच्या गाडीनं बाबूजी दरेकशाहून फुलचूरला माझ्याकडे आले. चहा संपायच्या आधीच म्हणाले, "मी सांगून राहिलो, तू लिव."

गावाकडे आमच्या शेजारच्या टोल्याचं, म्हणजे पाड्याचं, जंगल नव्या धरणात बुडणार होतं. त्यांचा वनहक्काचा दावा मंजूर झाला, तर त्यांच्या ग्रामसभेच्या संमतीशिवाय ते कुणाला घेता येणार नव्हतं. जुना कागद एकही नव्हता. अशा वेळी वृद्धाचा लेखी जबाब पुरावा धरतात; पण सांगणारा दावा करणाऱ्यांपैकी नसावा. बाबूजींनी साठ वर्षं त्या हद्दीलगत मोह वेचला होता.

मी लॅपटॉपवर शाळेचे गुण भरत होते. सोमवारी द्यायचे होते. बाबूजी नाला, टेकडी, हद्दीवरची झाडं एकेक करून सांगत होते. मध्येच थांबले.

"लय घाई होऊन राहिली का तुले?"

"नाही. सांगा ना."

तासाभरानं ते उठले. "आमच्या टोल्यात एवढ्या जल्दी कोणी लिवत नाही."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, पण मी बोलले नाही. पुढच्या रविवारी पुन्हा विचारून घेऊ, असं ठरवलं आणि त्यांना गाडीत बसवून दिलं. बुधवारी शेतातून येताना त्यांच्या छातीत कळ आली. दवाखान्यात पोचेपर्यंत ते गेले होते.

दहाव्या दिवशी त्या टोल्याचे मनिरामकाका गावाकडच्या घरी आले. मायजवळ बराच वेळ बसले. मग माझ्याकडे वळले.

"पोरी, तो कागद देतेस का? तुह्या बाबूजीची सही राहिली म्हणतात, पण वकिलाले दाखवून पाहतो. परवा सभा आहे."

"दे न," माय म्हणाली. "साऱ्या गावाले सांगत फिरले, माही पोरगी मशीनवर कशी लिवते म्हणून."

आठवेल तसं लिहून देता आलं असतं. नाला आठवत होता, टेकडीही. झाडं आठवत नव्हती, आणि एक झाड चुकलं तरी जंगल काकांचं जाणार होतं.

"काका, कागद नाही," मी म्हणाले. "दुसरं कुणी आजच शोधा. बाबूजी सांगत होते तेव्हा मी गुण भरत होते. त्यांना वाटलं, मी लिहितेय. मला ते कळलं होतं, आणि मी त्यांना तसंच वाटू दिलं."