बारीक टिपेची काठी

शहाजीच्या हॉलात शरणबसव पुन्हा पाऊल टाकणार नाही, अशी भवानी पेठेत सगळ्यांची खात्री होती. पण त्या रविवारी भर दुपारी तो जिना चढून आला, तोही आपली स्नूकरची काठी घेऊन.

हॉल एकेकाळी दोघांचा होता. दोन वर्षांपूर्वी शरणबसव बहिणीच्या लग्नाला चार दिवस अक्कलकोटला गेला, आणि तेवढ्यात शहाजीनं बारा फुटी स्नूकरचं टेबल मोडून विकलं. त्याच्या कापडाखालच्या दगडी फरशीचा कुठल्याशा खानावळीत ओटा झाला. टेबलाच्या जागी पूलची तीन लहान टेबलं आली. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं तुटलं.

"खेळायचंय. तुझ्यासंगं," शरणबसव म्हणाला.

शहाजीनं काठीच्या निमुळत्या टोकाकडं, त्यावरच्या चामड्याच्या बारीक टिपेकडं बघितलं. "ह्या काडीनं? पूलचा बॉल जड असतोय. हितली जाड काठी घे की."

"तुझ्या हातचं काय बी नको."

खेळणारे आपापले डाव सोडून भोवती जमले. पहिला ब्रेक शहाजीनं मारला. बॉल चौफेर पांगले, पडला मात्र एकही नाही. मग शरणबसव वाकला. बारीक टिपेनं त्यानं एकेक बॉल असा टिपला, की पॉकेटाच्या कडेला धक्कासुद्धा लागेना. काळा आठ नंबर टाकून त्यानं डाव संपवला, तेव्हा शहाजीचा जबडा आवळलेला होता.

दुसऱ्या डावाचा ब्रेक शरणबसवचा. त्या काठीनं जोरात मारायचं नसतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? तो अलगद मारायच्या बेतात असतानाच शहाजी त्याच्या कानाशी आला.

"टेबल विकताना तुला का विचारलं न्हाय, सांगू? तू न्हायच म्हणला असतास. धंदा तुला कधी कळलाच न्हाय."

शरणबसवच्या डोक्यात सणक गेली. सगळ्या अंगाचा जोर लावून त्यानं काठी हाणली. कट्‌कन आवाज झाला, टिप उडून कुठंतरी गेली आणि पांढरा बॉल वाकडा घरंगळला.

कुणीतरी फिदीफिदी हसलं.

"म्हणलं हुतं की," शहाजी म्हणाला.

शरणबसवनं काठीचं उघडं पितळी टोक टेबलाच्या हिरव्या कापडावर टेकवलं, दाबलं, आणि या कडेपासून त्या कडेपर्यंत ओढत नेलं. कापड टरटरत फाटलं.

शहाजीनं त्याची कॉलर धरून त्याला भिंतीवर आदळलं. चौघांनी मिळून दोघांना सोडवलं. "पुन्हा दिसलास तर तंगडं मोडीन!" शहाजी ओरडत होता.

"मोड की. ये खाली."

खाली कुणीच आलं नाही. शरणबसव उन्हात बराच वेळ उभा राहिला. कापड फाडलं की छातीतलं ओझं उतरेल, असं त्याला वाटलं होतं. ते तसूभरही हललं नव्हतं. आपण पहिला डाव जिंकलो होतो, हे त्याला घरी पोचल्यावर आठवलं.