बुजवलेले भोक

मी एक जुना तुकडा आहे मित्रांनो, आणि जुना म्हणजे कित्येक डोंगरांहून जुना, तेव्हा वय विचारण्याच्या फंदात पडू नका. एकेकाळी मी समुद्राच्या तळाशी राहणाऱ्या एका ब्रॅकिओपॉडचे कवच होतो. आम्ही दिसायला शिंपल्यासारखे, पण शिंपल्याशी आमचे ना नाते ना गोते. आमच्या कवचाच्या चोचीशी, म्हणजे निमुळत्या टोकाशी, एक गोल भोक असते. त्यातून मांसल देठ बाहेर काढून आम्ही खडकाला धरून राहतो. शिंपल्याच्या चोचीला असे भोक नसते.

पुढे जीव गेला, गाळ साचला, गाळाचा दगड झाला आणि मी त्यात अडकलो. खाणीतल्या सुरुंगाने माझ्या ठिकऱ्या उडाल्या. चोचीकडचा नखाएवढा भाग तेवढा उरला, भोकासकट. तोच मी.

मला उचलले एका बाईने. तुकड्यांवरून जीव ओळखणे हा तिचा पेशा. या खाणीत ब्रॅकिओपॉड आहेत असे ती वर्षानुवर्षे सांगत होती आणि 'शिंपले असतील ते' म्हणून तिचे सर तिची बोळवण करीत. तिच्याजवळ पुरावा म्हणून मी एकटाच. मला भिंगाखाली धरताना तिचे डोळे भरून आले. मला तिचे कौतुक वाटले, थोडे हसूही आले. नावावाचून माझे काही अडले नव्हते.

प्रयोगशाळेत मोडके जीवाश्म सांधण्याचे काम तिचा धाकटा दीर करी. हात असा की सांधा शोधून सापडू नये. सर मला पाहायला येणार, म्हणून बाईने मला साफ करायला त्याच्याकडे दिले. फोटो साफ झाल्यावर काढू, असे तिने ठरवले. दिराने मला लख्ख केले आणि वहिनीवरच्या मायेपोटी आणखीही थोडे केले.

"भावजी, इथलं भोक कुठं गेलं?"

"बुजवलं की! मोडतोड कशाला दाखवायची सरांना? दगडाची पूड आणि गोंद. बघा, पत्ता तरी लागतोय का?"

वहिनीने भिंग खाली ठेवले. "अहो, सगळं त्या भोकावरच होतं हो!"

दिराचा चेहरा उतरला. त्याने गोंद मऊ केला, सुई घेतली आणि श्वास रोखून भोक मोकळे करू लागला. गोंद निघाला, पण त्याबरोबर काठाचा टवकाही उडाला.

सरांनी मला फिरवून फिरवून पाहिले. "काठ ताजा दिसतोय. हे भोक तुमच्या सुईनं पडलं नाही कशावरून?"

"चूक माझी आहे, सर," दीर म्हणाला. "पण भोक आधीपासून होतं. मी डोळ्यांनी पाहिलंय."

"तुम्ही पाहिलंत. मी नाही ना पाहिलं!"

सरांचे काही चुकले असे मला वाटत नाही. आता मी 'अनिश्चित' लिहिलेल्या डबीत असतो.

मित्रांनो, मोडकी वस्तू हाती आली तर तिला घाईने धडधाकट करू नका. आधी ती नीट बघा, कोणाला तरी विचारा. माया असली तरी विचारा.

सर गेल्यावर दिराने हात जोडले. वहिनीने मला डबीत ठेवून झाकण लावले. मग म्हणाली, "उठा भावजी. सुट्टीला खाणीवर जाऊ. एक होता, तर दुसराही असेल."

दुसरा अजून सापडलेला नाही. दोघे मात्र अजून जातात. मी वाट पाहतो, आणि वाट पाहण्यात माझा हात धरणारा कोणी नाही.