पट्ट्याचं अभ्यंग

अण्णांनी लोट्यातलं उरलंसुरलं खोबरेलही फिरत्या पट्ट्यावर ओतलं, आणि पट्टा डुकरासारखा किंचाळला.

"हरी, फूल वाहा," अण्णा हात जोडून म्हणाले.

त्यांच्या धाकट्या भावाने, हरिहरने, इंजिनाला झेंडूचं फूल वाहिलं. बोटांना खवट तेल आणि भाताचा कोंडा चिकटला. धोतराला पुसायची किळस आली, म्हणून तो बोटं चौकटीला पुसत राहिला. मांडवीच्या रस्त्यावरच्या या भातगिरणीत दसऱ्याला यंत्राची पूजा झाली, तेव्हापासून दर शुक्रवारी हे अभ्यंग चाललं होतं. पट्टा कातड्याचा, त्याला शिवायचं नाही, म्हणून अण्णा लांबूनच ओतत. आणि लांबून ओतायचं म्हणजे सढळ ओतावं लागे.

"अण्णा, मुंबईला कारखान्यात मी पट्ट्यांचंच काम केलंय. तेलानं पट्टा घसरतो, म्हणून ओरडतो."

"देवाचं तेल घसरत नसतं! दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ती चिमा कामाला आली, तेव्हापासूनची ही बोंब. पांढऱ्या पायाची मेली. नवऱ्याला खाल्लंन्, आता माझं इंजिन खायला बसलीय. उद्यापासून येऊ नकोस गो!"

दाराशी कोंडा पाखडणाऱ्या चिमाने सूप खाली ठेवलं.

"धाकले धनी, तुमी तरी सांगा. घरात पोरां हायत माजी."

हरिहर बोटं पुसत राहिला. चिमा गेली.

संध्याकाळी त्याने रॉकेलच्या बोळ्याने पट्टा स्वच्छ पुसला, पकड यावी म्हणून राळेची पूड चोळली. सकाळी पट्टा निमूट फिरू लागला.

"बघ! अवदसा गेली, इंजिन शांत," अण्णा म्हणाले, आणि डोळे मिटून स्तोत्र पुटपुटू लागले.

चिमाविरुद्धची साक्ष पट्ट्याला हरिहरनेच राळ लावून पढवली होती.

उमावहिनी नैवेद्याचं ताट घेऊन येताना दिसल्या. हरिहरने कोनाड्यातला, पुन्हा भरून ठेवलेला तेलाचा लोटा उचलला. मनात आलं ते ओंगळ होतं. तरी वहिनींचं पाऊल उंबऱ्याच्या आत पडेपर्यंत तो थांबला, मग ओतलं.

पट्टा किंचाळला. अण्णांनी डोळे उघडले. त्यांना आधी बायको दिसली, मग तिची पावलं. वहिनी ताट घेऊन जागच्या जागी थिजल्या.

"हरी," अण्णांचा आवाज एकदम मऊ झाला, "ते तेलाचं काय म्हणत होतास तू?"

हरिहरने या वेळी बोटं धोतरालाच पुसली.

"देवाचं तेल घसरत नसतं, अण्णा," तो म्हणाला, आणि चिमाला बोलवायला निघाला.